रिव्ह्यूअर नंबर दोन आणि कोवलमचे ठोकळे

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

पेपर पाठवला! राहुकाळ टाळून. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण सकाळी जर्नलचं पोर्टलच उघडत नव्हतं, त्यामुळे आपोआप टळला.

जर्नल साधंसुधं नाही. काँक्रीटच्या विषयात जगात पहिल्या नंबरचं. आमच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कॉलेजातून तिथे आजवर कोणी पेपर पाठवायची हिंमतसुद्धा केलेली नाही. कोणीतरी सुरुवात करायला हवी होती. ती मी केली.

पेपर शरण्याचा. म्हणजे काम तिचं, दिशा माझी. शरण्या माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. दोन वर्षं तिने इथल्या कोवलमला (पर्यटकांचं प्रसिद्ध ते नव्हे) मच्छीमारांच्या धक्क्यापाशी दोरीने काँक्रीटचे ठोकळे टांगून ठेवले आणि बसने जाऊन-येऊन ते तपासले. (मी एकदा गेलो होतो. फोटो आहे.) निष्कर्ष जबरदस्त आहे. धक्क्यावर जिथे मासे धुतात तिथे काँक्रीटच्या आतलं लोखंड अनंतकृष्ण फॉर्म्युला सांगतो त्याच्या निम्म्या काळातच गंजतं! प्रो. अनंतकृष्ण म्हणजे आमच्या विषयातलं सर्वांत मोठं नाव. त्यांचा फॉर्म्युला चुकतो असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. आम्ही म्हटलं.

शरण्याचं रजिस्ट्रेशन ३१ मार्चला संपतं. दोनदा वाढवून झालंय, आता वाढणार नाही. तोवर एक पेपर स्वीकारला गेला तर थीसिस देता येईल, नाहीतर सगळी वर्षं पाण्यात. पण वेळ भरपूर आहे. काळजीचं कारण नाही.

संकल्प: रोज थोडं तरी लिहिणे. कॉफीत साखर बंद.

३ सप्टेंबर

पेपर परत आला.

इतक्या लवकर? मी ईमेल बघून आधी समजलो की स्वीकारलाच. एडिटरने तो रिव्ह्यूअरांकडे पाठवलेलाच नाही. लिहिलंय, विषय स्थानिक महत्त्वाचा वाटतो. स्थानिक! मागच्याच अंकात युरोपातल्या एका बंदरावर लेख आहे. त्या बंदराचं नाव मला उच्चारताही येत नाही. ते जागतिक आणि कोवलम स्थानिक? समुद्र तोच, मीठ तेच.

योगायोग बघा. जयंती मॅडमनी (आमच्या एचओडी) आजच सांगितलं की फेब्रुवारीत फॅकल्टीच्या शिबिरात मला बोलायचंय. विषय: पीअर रिव्ह्यू निवडक आणि उतरंडीचा आहे का? म्हणजे पेपर छापण्याआधी त्याच विषयातले दोन-तीन निनावी लोक तो वाचून जो निकाल देतात, त्यात कोणाचं तोंड पाहिलं जातं का. मी तिथल्या तिथे म्हणालो, आहे, शंभर टक्के आहे. पहिली स्लाइड संध्याकाळीच बनवली. लाल अक्षरांत.

कॉफीत साखर घेतली. आजचा दिवस अपवाद.

९ सप्टेंबर

शरण्या म्हणाली, सार, तिरुचीच्या इंजिनिअर लोकांच्या संघटनेचं एक जर्नल आहे, विद्यापीठाच्या यादीत बसतं, नीट वाचून तीन महिन्यांत उत्तर देतात, तिथे पाठवू या का? मी तिला समजावलं. तिरुचीला छापलेलं तिरुचीलाच राहतं. माणसाने नजर वर ठेवावी. ओके सार, म्हणाली. मुलगी गुणी आहे, फक्त महत्त्वाकांक्षा कमी.

जगातल्या दुसऱ्या नंबरच्या जर्नलला पाठवला.

घरी हेमावतीला सांगितलं. हेमावतीचं माहेर तंजावूरकडचं, तिचं मराठी तिच्या खापरपणजोबांच्या काळातलं. मी कराडचा. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी ती रागावली आहे की थट्टा करतेय हे मला वाक्य संपल्यावर कळतं. ती म्हणाली, तें जर्नल लहान असलें म्हणून काय झालें, पोरीचें काम होऊं दे कीं. मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, सेरि, म्हणजे बरं, आणि आमटी वाढली. ही थट्टा नव्हती बहुतेक.

२१ सप्टेंबर

आज आयुष्यातला मोठा दिवस. मला रिव्ह्यूअर म्हणून निमंत्रण आलं!! एका चांगल्या जर्नलकडून. पहिल्या नंबरचं नाही, पण पहिल्या पन्नासात नक्की. ईमेलमध्ये ‘तुमच्या असामान्य अधिकारामुळे’ असं लिहिलंय. प्रिंट काढून जयंती मॅडमना दाखवली. त्यांनी सांगितलं की त्यांना असे आठवड्याला चार येतात. त्यांचे वेगळे असणार.

विचार केल्यावर लक्षात येतं की पीअर रिव्ह्यू तसा निःपक्षपातीच असतो. नाहीतर इरुंगाट्टुकोट्टैच्या माणसाला त्यांनी शोधून काढलं असतं का? लाल स्लाइड काढून टाकली. आता निळी. मथळा: गैरसमज आणि वास्तव.

२८ सप्टेंबर

रिव्ह्यू पाठवला. पेपर नागरकोविलच्या कुठल्याशा कॉलेजचा. नाव कधी ऐकलेलं नाही. (इरुंगाट्टुकोट्टैचं तरी लोकांनी ऐकलेलं असतं, मोटारींच्या कारखान्यांमुळे.)

शरण्याला वाचायला दिला होता, तिला अनुभव मिळावा म्हणून. तिने चार पानं टिपणं काढली आणि म्हणाली, सार, काम चांगलं आहे, फक्त आकृत्या पुसट आहेत. मी स्वतः सारांश वाचला आणि लेखकांचा पत्ता. मग लिहिलं: विषय स्थानिक महत्त्वाचा वाटतो. शिवाय प्रो. अनंतकृष्ण यांच्या चार पेपरांचे संदर्भ जोडायला सांगितलं. मी ते वाचलेले नाहीत, पण चांगलेच असणार. मोठ्या माणसाचं नाव आलं की रिव्ह्यूला वजन येतं आणि एडिटरलाही बरं वाटतं. शरण्याने टाइप करून दिलं.

टाइप करताना तिने विचारलं, चारही पेपर कशासाठी, यांच्या विषयाशी संबंध एकाचाच आहे. मी म्हणालो, ही पद्धत असते. ओके सार.

१८ नोव्हेंबर

आमच्या पेपरचे रिव्ह्यू आले. नकार नाही! मोठ्या दुरुस्त्या करून जानेवारीच्या मध्यापर्यंत परत पाठवा, असं आहे. डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना कॉफी पाजली.

रिव्ह्यूअर नंबर एक: जेमतेम चार ओळी. मासे धुण्याच्या जागेचा भाग अत्यंत महत्त्वाचा आहे, छापा, म्हणतो. नवखा कोणीतरी दिसतो. इतकं कौतुक अनुभवी माणूस करत नाही.

रिव्ह्यूअर नंबर दोन: दीड पान. मी वाचत गेलो आणि दुसऱ्या परिच्छेदावर थांबलो. अंगावर काटा आला. खालील चार पेपरांचे संदर्भ जोडावेत, असं आहे आणि चारही पेपर प्रो. अनंतकृष्ण यांचे!

दुसऱ्यांचे चार-चार पेपर कोण सुचवेल? स्वतःचेच सुचवतात. हे या क्षेत्रातलं उघड गुपित आहे. म्हणजे रिव्ह्यूअर नंबर दोन हे साक्षात अनंतकृष्ण आहेत. त्यांच्याच फॉर्म्युल्याला आम्ही चुकीचा म्हटलं आणि पेपर त्यांच्याच हातात गेला. पुढचं वाचायची गरजच उरली नाही, माणूस कळला की झालं.

शरण्याला सांगितलं. ती स्क्रीनवर रिव्ह्यू वाचत राहिली. म्हणाली, सार, ही भाषा आपल्यासारखी वाटते, आपण नागरकोविलला लिहिलं होतं ना, तशीच. मी म्हणालो, चांगले रिव्ह्यूअर एकाच पद्धतीने विचार करतात. मनातून आनंद झाला, लपवत नाही.

२० नोव्हेंबर

धोरण ठरलं. मासे धुण्याच्या जागेचा भाग काढायचा. उरलेल्या धक्क्यावर फॉर्म्युला बरोबर ठरतो, तेवढंच ठेवायचं. सिंहाच्या गुहेत जाऊन सिंहाला दात दाखवायचे नसतात.

शरण्या म्हणाली, पण सार, नवीन तेवढंच आहे. मी म्हणालो, आधी आत शिरायचं, मग बोलायचं. डिग्री मिळाली की पुढचा पेपर त्याच विषयावर लिही. ती म्हणाली, रिव्ह्यूअर वनला तेच आवडलं होतं. मी म्हणालो, वन आणि टू यांच्यात फरक असतो. मग तिने ओके सार म्हटलं. या वेळी जरा उशिराने.

हे सगळं मी तिच्याच भल्यासाठी करतोय, हे इथे नोंदवून ठेवतो.

२४ नोव्हेंबर

अनंतकृष्ण कुठे राहतात हे शोधलं. शहरातल्या जुन्या वस्तीत, तिरुवल्लिकेणीत, देवळामागच्या गल्लीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. रोज पहाटे मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जातात, असं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं.

मीसुद्धा उद्यापासून मरीनावर फिरायला जाणार आहे. निव्वळ तब्येतीसाठी. रिव्ह्यूअरला त्याच्या रिव्ह्यूबद्दल विचारणं नीतीला धरून नाही आणि मी एक शब्दही काढणार नाही. पण दोन माणसं एकाच वाळूवर चालली तर कोणता नियम मोडतो?

हेमावतीने विचारलं, डॉक्टरानें इतकीं वर्षें चाला चाला म्हटलें तेव्हां कोण्ठें गेले होते हे पाय? मी गजर लावायला गेलो.

६ डिसेंबर

पाऊस. चार दिवस फिरणं बंद. त्याआधी तीनदा गेलो, तिन्ही वेळा ते पुढे निघून गेलेले. ऐंशीला टेकलेला माणूस पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणि कॅनव्हासचे बूट घालून असा चालतो की मला दीपस्तंभापाशी बाकावर बसावं लागतं.

१४ डिसेंबर

भेट झाली!! ते बूट बांधायला थांबले होते. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, म्हणालो, तुमचा फॉर्म्युला मी गेली वीस वर्षं शिकवतो. त्यांनी मान वर करून पाहिलं. नजर अशी की जणू म्हणत होते, मला सगळं माहीत आहे. मग म्हणाले, अप्पडिया? म्हणजे असं का. बस, एवढंच. किती संयम! दुसरा असता तर पेपरचा विषय काढला असता.

२३ डिसेंबर

आता रोज बरोबर चालतो. ते मला गिरी म्हणतात. आमच्यात न बोललेला एक करार झालाय. ते रिव्ह्यूबद्दल बोलत नाहीत, मीही नाही.

आज मी फॉर्म्युल्याची बरीच स्तुती केली. ते जरा वैतागून म्हणाले, अरे सोड ते, जुनं झालं, दुसरं काहीतरी बोल. मोठ्या माणसांचा विनय. मी आणखी स्तुती केली. ते म्हणाले, थोडक्यात सांग, मला दम लागतो. घरी येऊन पेपर बावीस पानांवरून चौदावर आणला. ते थेट सांगू शकत नाहीत, पण समजणाऱ्याला समजतं.

शरण्या म्हणाली, आठ पानांत तर माझं पहिलं वर्ष होतं. चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं. पण ऑपरेशन करताना डॉक्टर रडत बसला तर चालेल का?

१० जानेवारी २०२५

दुरुस्त पेपर गेला. आता त्यात कोवलमच्या धक्क्यावर अनंतकृष्ण फॉर्म्युला उत्तम चालतो असं सिद्ध केलंय. त्यांचे चार नाही, सात पेपर जोडले. मासे कुठेच नाहीत. शरण्याने पाठवायचं बटन दाबायला नकार दिला. नकार म्हणजे, हात धुऊन येते म्हणून गेली आणि आलीच नाही. मीच दाबलं.

पोंगलनंतर गोड बातमी येणार. खात्री आहे.

१६ जानेवारी

काणुम पोंगल, सणाचा शेवटचा दिवस. मरीनावर इतकी गर्दी की चालणं अशक्य. तरी गेलो. ते आले नव्हते. एकट्याने ऊस खाल्ला.

१४ फेब्रुवारी

शिबिरात भाषण झालं. विषय तोच, पीअर रिव्ह्यू उतरंडीचा आहे का. मी ठामपणे सांगितलं, नाही. रिव्ह्यूअर हा गुरूसारखा असतो, त्याचं मन ओळखता आलं पाहिजे. तरुण प्राध्यापकांनी टिपून घेतलं. प्रश्नोत्तरांत श्रीवत्स नावाच्या लेक्चररने विचारलं, सार, मन ओळखावं लागतं म्हणजेच उतरंड नाही का? मुलगा हुशार आहे पण उद्धट. वेळ संपली असं सांगून टाकलं. वेळ होती.

शरण्या आली नव्हती. तिला बरं नाही, असं समजलं.

१ मार्च

जर्नलच्या पोर्टलवर ‘रिव्ह्यू चालू’ असं दिसतंय. रोज बघतो. आज बऱ्याच वेळा बघितलं.

अनंतकृष्णांशी रोज भेट. ते हल्ली नातवाच्या परीक्षेबद्दल बोलतात. मी सूचक हसतो. तेही हसतात.

जयंती मॅडमनी विचारलं, शरण्याचं काय? महिनाच उरला. मी म्हणालो, काम योग्य हातात आहे. त्या म्हणाल्या, कोणाच्या? मी नुसता हसलो. गुप्ततेचं पालन.

१२ मार्च

नकार.

सकाळी मेल आला तेव्हा वर्गात होतो. वर्ग सोडून दिला.

रिव्ह्यूअर नंबर दोन म्हणतो: आता आक्षेप घेण्यासारखं काही नाही, तसंच नवीनही काही नाही, एक प्रसिद्ध फॉर्म्युला बरोबर आहे एवढंच लेखक सांगतात. रिव्ह्यूअर नंबर एक विचारतो: मासे धुण्याच्या जागेचा भाग कुठे गेला? मी त्याच्यासाठीच होकार दिला होता.

जेवलो नाही. हेमावती शेजारी येऊन बसली. मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग त्या वृद्धासच जाऊन विचारा, कां असें केलें. तीन महिने त्याच्या मागें चाललां आहांत. पहिल्यांदाच तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. नीती गेली खड्ड्यात. उद्या विचारणार. माझ्यासाठी नाही, त्या पोरीसाठी.

१३ मार्च

विचारलं. एकदम. बूट बांधून उठले आणि मी म्हणालो, सर, तुम्ही म्हणाल ते सगळं केलं, आठ पानं कापली, तुमच्या विरोधातलं अक्षर ठेवलं नाही, मग नाकारला का?

ते म्हणाले, काय नाकारलं?

मी म्हणालो, आमचा पेपर. रिव्ह्यूअर नंबर दोन तुम्हीच ना?

ते बाकावर बसले. मग हळूहळू सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी पेपर वाचणं सोडलं. सात-आठ वर्षांत एकही रिव्ह्यू केलेला नाही. येतात त्या सगळ्या निमंत्रणांना नाही म्हणून कळवतात. मी म्हणालो, पण तुमचेच चार पेपर जोडायला सांगितले होते. ते म्हणाले, गिरी, ते पेपर सगळेच जोडायला सांगतात. माझं नाव घातलं की कोणी भांडत नाही. मला शेकडो लोक जोडतात. वाचणारे किती, देव जाणे.

मग त्यांनी विचारलं, तुझ्या त्या मुलीला काय सापडलं होतं? सांगितलं. मासे धुण्याचं पाणी, धक्का, निम्म्या काळात गंज. त्यांनी माझा हात घट्ट पकडला. म्हणाले, तो फॉर्म्युला मी तरुणपणी एका थंड देशातल्या बंदरावर बसवला. आपल्याकडे तो चालत नाही असा मला फार वर्षांचा संशय आहे. पण कोणी म्हणेचना! तिने म्हटलं होतं आणि तू काढून टाकलंस? माझ्याकडे आला असता तर मी तो पेपर त्याच दिवशी पास केला असता. तिला घेऊन ये. उद्याच घेऊन ये.

सूर्य चांगलाच वर आला होता. आम्ही दोघे तसेच बसलो होतो. सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, विकणाऱ्याने दोनदा येऊन विचारलं.

१३ मार्च, दुपार

नवीन प्लॅन. अजून काही बिघडलेलं नाही. मूळ पेपर, मासे धुण्याच्या भागासकट, तिरुचीच्या जर्नलला द्यायचा. अनंतकृष्ण शिफारसीचं पत्र देतील. जयंती मॅडमकडून रजिस्ट्रेशन वाढवून घ्यायचं. शरण्याला मरीनावर न्यायचं. सगळं जमेल. उत्साह वाटतोय. खूप दिवसांनी.

१३ मार्च, संध्याकाळ

जयंती मॅडम: वाढणार नाही. नियम विद्यापीठाचा आहे, त्यांच्या हातात काही नाही. त्या मला बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी फार घाम पुसत होतो म्हणे.

तिरुचीचं जर्नल: उत्तराला तीन महिने लागतात. हे मला माहीत होतं. शरण्यानेच सांगितलं होतं.

शरण्या फोन उचलत नाही.

१७ मार्च

शरण्याचा फोन आला. ती इरुंगाट्टुकोट्टैतच आहे, आमच्या कॉलेजपासून दोन स्टॉप पुढे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात ३ मार्चपासून लागली. निकाल यायच्या आधीच! मी म्हणालो, अगं, थांबायचं तरी. ती म्हणाली, पर्वा इल्लै सार. काही हरकत नाही, असा त्याचा अर्थ. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अनंतकृष्णांचं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांगा.

ठोकळ्यांचं विचारलं. मासे धुण्याच्या जागेचे अजून दोन वर्षं ठेवले तर पुन्हा नव्याने काही करता येईल, असं माझ्या मनात होतं. ती म्हणाली, ते जानेवारीतच काढले सार. नाव रद्द होणार हे दिसतच होतं. बोटवाल्यांनी मागितले, बोटी बांधायला वजन म्हणून. त्यांना देऊन टाकले.

१९ मार्च

फिरायला गेलो नाही. अनंतकृष्णांना काय सांगू? ते रोज विचारणार, मुलगी कुठे आहे म्हणून.

हेमावती म्हणाली, आज चालणें नको काय? मी म्हणालो, पाय दुखतात. तिने तेल आणून दिलं.

२९ मार्च

शरण्या कॉलेजात आली होती. रजिस्ट्रेशन मागे घेण्याच्या अर्जावर गाइडची सही लागते. कारखान्याचा निळा शर्ट घातला होता. मी सही केली. पेन चालेना, तिने तिचं दिलं.

मी म्हणालो, बस, कॉफी घेऊ. ती म्हणाली, कंपनीची बस आहे सार, पाच मिनिटं आहेत. मी त्या पाच मिनिटांत बरंच बोललो. पीअर रिव्ह्यू कसा उतरंडीचा आहे, मोठ्या कॉलेजवाल्यांचे पेपर कसे सहज जातात, आपल्यासारख्यांचं कोणी ऐकत नाही, रिव्ह्यूअर नंबर दोनने तिच्या कामाचा कसा गळा घोटला. मला खरंच रडू येत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सार, एक विचारू? त्या रिव्ह्यूअरने मासे धुण्याच्या जागेचा भाग काढा असं म्हटलं नव्हतं. फॉर्म्युल्याच्या तुलनेत तो भाग आणखी सविस्तर समजावून सांगा, असं लिहिलं होतं. शेवटच्या परिच्छेदात. मला वाटलं तुम्ही वाचलं असेल.

गेटवर हॉर्न वाजला. थँक्यू सार म्हणून गेली.

घरी येऊन रिव्ह्यू उघडला. दीड पान. आज शेवटपर्यंत वाचला. तसंच लिहिलंय.